पिकअप बदलावा की नाही? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात इलेक्ट्रिक गिटारच्या तारांविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत तारांपेक्षा तारांखालच्या पिकअपबद्दलच, म्हणजे तारेचे कंपन विजेच्या संदेशात बदलणाऱ्या भागाबद्दलच, अधिक विचारणा आहे. पत्रे तऱ्हेतऱ्हेच्या वादकांची असली, तरी जवळजवळ प्रत्येकाने सर्वांत चांगला पिकअप कोणता असेच विचारले आहे. असा एखादा पिकअप सांगता येत नाही. म्हणून उत्तरे देताना पत्रलेखक काय वाजवतात, कुठे वाजवतात आणि सध्याच्या आवाजात त्यांना नेमके काय खटकते, एवढेच पाहिले आहे. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत, फक्त नागपुरातली त्यांची वस्ती दिली आहे.

प्रश्न : मी हिंदी-मराठी चित्रपटगीतांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. गणेशोत्सवात आणि लग्नसराईत आमचे कार्यक्रम बहुधा मैदानावरच्या मंडपात होतात. माझी गिटार स्ट्रॅटोकास्टर पद्धतीची, तीन सिंगल कॉइल पिकअपची आहे. रोषणाई सुरू झाली की दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत गिटारची घरघर सगळ्या मंडपाला ऐकू येते. तिन्ही पिकअप काढून हमबकर बसवावेत, असे मित्र सुचवतात. पण माझ्या गिटारचा खणखणीत आवाज त्यामुळे जाईल अशी भीती वाटते. (एक वादक, महाल)

उत्तर : आपली भीती रास्त आहे आणि तिन्ही पिकअप काढण्याची काहीच गरज नाही. पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेले, केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, म्हणजेच कॉइल. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांमध्ये विद्युत्दाब निर्माण होतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेले तत्त्व ते हेच. मात्र क्षेत्रातला हा बदल गिटारच्या तारेने घडवला की शेजारच्या ट्रान्सफॉर्मरने, हे त्या वेढ्यांना कळण्याचे कारण नाही. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे त्या कंपनाची आणि त्याच्या पटींची, म्हणजे १००, १५० हर्ट्झ वगैरेंची, गुणगुण सिंगल कॉइल मुकाट्याने उचलतो आणि अँपकडे पाठवतो. मंडपातल्या दिव्यांचे डिमर त्यात आपली चरचर मिसळतात, ती निराळी.

गिब्सन कंपनीतील अभियंता सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये ज्या हमबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात शेजारी शेजारी दोन कॉइल आहेत. दोघांचे वेढे परस्परविरुद्ध दिशेने जोडलेले आणि चुंबकीय ध्रुवही उलटे. बाहेरची घरघर दोन्ही कॉइलमध्ये विरुद्ध चिन्हांची निघते आणि एकमेकींना खोडते, पण तारेचा संदेश दोन्ही बदल एकत्र आल्यामुळे एकाच चिन्हाचा राहतो आणि त्याची बेरीज होते. युक्ती मोठी देखणी आहे. मात्र तिची किंमत मोजावी लागते. दोन कॉइल एकापाठोपाठ जोडल्या की इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला कॉइलचा होणारा विरोध, वाढतो, शिवाय त्या तारेला दोन वेगवेगळ्या जागी ऐकत असल्यामुळे काही वरचे स्वरांश (मूळ स्वरासोबत वाजणारे उंच सूक्ष्म स्वर) आपोआप कमी होतात. पाच मीटरची साधारण केबल जोडली असता स्ट्रॅट पद्धतीचा सिंगल कॉइल सुमारे ४००० हर्ट्झच्या आसपास सर्वांत जोरात बोलतो, तर मध्यम ताकदीचा हमबकर ३००० हर्ट्झच्या आसपास. ज्याला आपण खणखणीतपणा म्हणता तो बहुतांशी या हजार हर्ट्झच्या पट्ट्यात राहतो.

तेव्हा खर्च करण्यापूर्वी एक तपासणी करावी. पिकअप निवडण्याचा पाच टप्प्यांचा स्विच दुसऱ्या आणि चौथ्या जागी आणून घरघर कमी होते का ते ऐकावे. मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट ध्रुवाचा असेल, तर या दोन जागांवर दोन सिंगल कॉइल मिळून हमबकरचेच काम करतात. तसे असल्यास स्वच्छ कॉर्ड आणि गायकाच्या मागची साथ त्याच जागांवर वाजवावी. त्या जागांचा किंचित पोकळ, काचेसारखा आवाज चित्रपटगीतांच्या साथीला तसाही शोभतो. त्याच वेळी पिकगार्ड उघडून आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला जोडावी. याने डिमरची चरचर बरीच उतरते. ५० हर्ट्झची चुंबकीय गुणगुण मात्र पट्टीने थांबत नाही, एवढे ध्यानात असू द्यावे.

एवढे करूनही भागले नाही तर माझे मत असे की, नेक (गिटारच्या मानेजवळचा) आणि मधला पिकअप आहेत तसे ठेवून फक्त ब्रिजजवळ, म्हणजे तारा गिटारच्या धडावर टेकतात तिथे, हमबकर बसवावा. ऑर्केस्ट्रात डिस्टॉर्शन (मुद्दाम फाडलेला आवाज) लावून वाजवायचे तुकडे बहुधा ब्रिज पिकअपवरच येतात आणि घरघर सर्वांत जास्त बोचते ती तिथेच. हमबकर निवडताना सौम्य, सुमारे ८ किलोओहमचा घ्यावा. फार ताकदवान घेतला तर स्विच फिरवताच आवाज एकदम उसळेल आणि ध्वनियंत्रणा सांभाळणारा माणूस आपल्यावर रागावेल. पिकअप चार तारांच्या केबलचा असावा, म्हणजे दुसऱ्या जागेवर त्याची एकच कॉइल मधल्या पिकअपशी जोडता येते आणि तो पोकळ आवाज हातचा जात नाही. गिटारच्या लाकडात तेवढी खाच आहे का, हे आधी पाहावे. नसेल तर सिंगल कॉइलच्या मापात बसणारे बारीक हमबकर मिळतात. तसेच कॉइलखाली कॉइल ठेवून घरघर मारणारे सिंगल कॉइलही मिळतात. त्यांचा आवाज मूळच्या बराच जवळ जातो, तंतोतंत नाही.

व्हॉल्यूमच्या नॉबखालील पोटेन्शिओमीटर आपल्याकडे बहुधा २५० किलोओहमचा असेल. हमबकरला ५०० किलोओहमचा लावण्याचा प्रघात आहे, कारण कमी रोधाचा नॉब वरचे स्वरांश खातो. तो बदलल्यावर उरलेले दोन सिंगल कॉइल थोडे अधिक तीक्ष्ण वाटतील. टोनचा नॉब किंचित मागे घेतला की काम भागते.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी असून मेटल वाजवतो. माझ्या गिटारमधला ब्रिज हमबकर मल्टिमीटरवर ८ किलोओहम दाखवतो. १६ किलोओहमचा घेतला तर आवाज दुप्पट जाड होईल का? की बॅटरीवर चालणारा ॲक्टिव्ह पिकअपच घ्यावा? (एक विद्यार्थी, बजाजनगर)

उत्तर : दुप्पट तर नाहीच, आणि जाड होईल की नुसता गढूळ होईल, हे या आकड्यावरून सांगता येत नाही. मल्टिमीटर जे दाखवतो तो तांब्याच्या तारेचा रोध आहे. ४२ गेजची तार साधारण ०.०६३ मिलिमीटर जाडीची असते. तितकेच वेढे ४३ किंवा ४४ गेजच्या बारीक तारेचे दिले तर ताकदीत फारसा फरक न पडता रोध मात्र वाढलेला दिसतो. चुंबक कोणता आहे, तारेपासून किती दूर आहे, कॉइल उंच आहे की बसकी, यांतले काहीही तो आकडा सांगत नाही. आपल्या नागपुरात तर त्याचा आणखी एक गमतीचा पुरावा मिळतो. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. म्हणजे डिसेंबरच्या सकाळी १५ अंशांच्या खोलीत ८ किलोओहम दाखवणारा पिकअप मे महिन्याच्या दुपारी ४५ अंशांवर जवळजवळ ९ किलोओहम दाखवेल. उन्हाळ्यात गिटार अधिक दमदार वाजते असा दावा मात्र अजून कुणी केलेला ऐकला नाही.

एकाच कंपनीच्या, एकाच बांधणीच्या दोन पिकअपची तुलना करायची असेल तेव्हा रोधाचा आकडा उपयोगी पडतो. एरवी हेन्रीमध्ये दिलेला इंडक्टन्स पाहावा. स्ट्रॅटच्या सिंगल कॉइलचा तो साधारण २ ते २.५ हेन्री, जुन्या पद्धतीच्या हमबकरचा ४ ते ५ आणि फार ताकदवान हमबकरचा ८ किंवा त्याहूनही अधिक असतो. हा आकडा जितका मोठा, तितका मधला पट्टा फुगतो आणि वरचे टोक दबते.

आता आपल्या वादनाकडे येऊ. मेटलच्या ऱ्हिदममध्ये तळहाताने तारा दाबून जे वेगवान ठोके घेतले जातात, त्यांना आवाजाच्या आकारमानापेक्षा प्रत्येक ठोका सुटा ऐकू येणे अधिक गरजेचे असते, आणि तारेचा स्वर जितका खाली उतरवलेला तितकी ही गरज वाढते. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी लॅरी डिमार्झिओ यांनी ताकदवान हमबकर बाजारात आणला, तेव्हा अँपमध्ये आजच्याइतका गेन, म्हणजे संदेश वाढवण्याची क्षमता, नव्हता. अँपला ढकलून फाटका आवाज काढायचा तर पिकअपच जोरकस हवा होता. आज स्वस्तातल्या अँपमध्येसुद्धा वापरून उरेल एवढा गेन असतो. म्हणून सिरॅमिक चुंबकाचा, पण बेताच्या वेढ्यांचा हमबकर मी आपल्याला सुचवीन. सिरॅमिकचा खर्ज सहसा आवळलेला आणि ठोक्याची सुरुवात टोकदार असते. ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट लोखंडात मिसळून केलेल्या अल्निको चुंबकांपैकी पाचव्या क्रमांकाचाही मेटलला चालतो. दुसऱ्या क्रमांकाचा मऊ पडेल. अर्थात चुंबक हा आवाजाचा एक भाग आहे, त्यावरून सारे ठरत नाही.

ॲक्टिव्ह पिकअपमध्ये कॉइलचे वेढे कमी ठेवून आतच एक छोटा प्रीॲम्प, म्हणजे संदेश अँपकडे जाण्याआधी वाढवणारे सर्किट, बसवलेला असतो. त्यामुळे गुणगुण फार कमी होते, लांब केबलने वरचे स्वरांश उतरत नाहीत आणि ठोके अतिशय समान येतात. हा समानपणा काहींना हवा असतो. हळू-जोरात वाजवण्यातला फरक बोटांनी दाखवू पाहणाऱ्याला मात्र तो जाचतो. बसवताना नॉब २५ किलोओहमचे लागतात, ९ व्होल्टच्या बॅटरीसाठी जागा लागते, आणि केबल लावलेली असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते. सराव संपल्यावर केबल काढून ठेवण्याची सवय नसेल तर नेमकी महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात गिटार खरखरू लागते. आपण पत्रात केवळ ऱ्हिदमचा उल्लेख केला आहे. तेच वादन मुख्य असेल तर ॲक्टिव्ह जरूर ऐकून पाहावा. त्याच गिटारवर ब्लूज किंवा स्वच्छ कॉर्डही वाजवायचे असतील तर घेऊ नये.

प्रश्न : आमचा मुलगा दहावीत आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला नवशिक्यांसाठीची इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली. आता तो म्हणतो की हिचे पिकअप अगदीच टाकाऊ आहेत, नवे हवेत. त्यांची किंमत गिटारच्या किमतीच्या जवळपास जाते. घ्यावेत का? (एक पालक, प्रतापनगर)

उत्तर : सध्या घेऊ नयेत. त्याऐवजी नव्या तारांचा एक संच, एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर आणि प्लॅस्टिकची पट्टी त्याला आणून द्यावी. पट्टी प्लॅस्टिकचीच हवी. पोलादी पट्टी चुंबकाकडे ओढली जाते आणि मोजमाप फसते. शेवटच्या पडद्यावर, म्हणजे फ्रेटवर, तार दाबून धरायची आणि तारेच्या तळापासून पिकअपच्या चुंबकापर्यंतचे अंतर मोजायचे. स्ट्रॅट पद्धतीच्या सिंगल कॉइलसाठी जाड तारेकडे सुमारे २.४ आणि बारीक तारेकडे २ मिलिमीटर ही सुरुवात चांगली. हमबकर असेल तर ब्रिजकडे सुमारे १.६ आणि नेककडे २.४ मिलिमीटर. तिथून दोन्ही बाजूंच्या स्क्रूला एका वेळी अर्धा फेरा देत, प्रत्येक वेळी तोच एक तुकडा वाजवून ऐकायचे.

कारखान्यातून आलेल्या स्वस्त गिटारमध्ये ही उंची कुणी काळजीपूर्वक लावलेली नसते. पिकअप फार दूर असेल तर आवाज मलूल येतो, आणि फार जवळ असेल तर चुंबक तारेला ओढून धरतो. मग जाड तारांवर वरच्या फ्रेटवर एकाच वेळी दोन बेसूर स्वर वाजल्यासारखे होते आणि मूल बिचारे ट्यूनरशी झगडत बसते. अँपही तपासावा. चार इंचांच्या स्पीकरच्या डबीतून कोणताही पिकअप त्या डबीसारखाच वाजणार; तेव्हा खर्च करायचाच असेल तर दहावीची परीक्षा झाल्यावर अँपवर करावा. तेवढ्या काळात त्याला आपल्या आवाजात काय कमी आहे, हे शब्दांत सांगता येऊ लागले, म्हणजे नेक पिकअप गढूळ वाटतो किंवा ब्रिज टोचतो असे तो म्हणू लागला, की मग पिकअपचा विचार करायला हरकत नाही.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झाल्यावर मी हवाईयन गिटार पुन्हा हाती घेतली. भावगीते आणि नाट्यपदे वाजवतो. मींड घेताना स्वर मध्येच विरून जातो आणि आवाजात गाण्यासारखा भरीवपणा येत नाही. पिकअप बदलल्याने फरक पडेल का? (एक ज्येष्ठ वाचक, रामदासपेठ)

उत्तर : आपल्या वाद्याचा या विषयावर पहिला हक्क आहे. जॉर्ज बोशॅम्प यांनी घडवलेला आणि १९३२ पासून रिकनबॅकर यांच्या साथीने विकला गेलेला विद्युत्चुंबकीय पिकअप मुळात हवाईयन गिटारवरच बसवला होता. नालाच्या आकाराचे दोन चुंबक तारांच्या वरून कमानीसारखे गेलेले होते. मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या त्या वाद्याचा आवाज वृंदात बुडत असे, म्हणून हा खटाटोप. पुढे आपल्याकडे व्हॅन शिप्ले यांनी याच प्रकारच्या विजेच्या गिटारवर चित्रपटगीतांच्या धुना वाजवून घराघरांत नेल्या.

स्वर विरण्याचे पहिले कारण मी पिकअपच्या प्रकारात न शोधता त्याच्या उंचीत शोधीन. हवाईयन गिटारवर तारा फ्रेटपर्यंत दाबल्या जात नाहीत, त्यामुळे पिकअप अगदी तारेला भिडवून ठेवण्याचा मोह होतो. पण जोरकस चुंबक तारेचे आंदोलन आवरतो आणि आस तुटते. पिकअप एक-दीड मिलिमीटर खाली उतरवून अँपचा आवाज तेवढा वाढवावा आणि षड्जावरून पंचमापर्यंतची एक संथ मींड घेऊन ऐकावी. तारांवरून फिरवायच्या पोलादी पट्टीचे वजनही पाहावे. हलकी पट्टी तारेवर नीट बसत नाही आणि तिच्यामागे कंप पावणाऱ्या तारेचा तुकडा बोटांनी दाबला नाही तर स्वर अस्वच्छ राहतो. हे आपण जाणत असालच.

भरीवपणाचा प्रश्न मात्र पिकअपचा असू शकतो. जुन्या देशी हवाईयन गिटारवर पिकअप बहुधा ब्रिजला लागून असतो. तिथे तारेचा झोका लहान, मूळ स्वर क्षीण आणि वरचे स्वरांश प्रबळ, त्यामुळे आवाज टोचरा येतो. पिकअप दोन-तीन बोटे पुढे सरकवता आला तर तेवढ्यानेच स्वर गोल होईल. नवा घ्यायचाच असेल तर गिब्सनने १९४६ मध्ये आणलेल्या पी-९० या धाटणीचा पिकअप आपल्या वादनाला सर्वांत जवळचा वाटतो. त्यात कॉइल एकच असते, पण ती रुंद आणि बसकी, आणि चुंबक तिच्या तळाशी आडवे ठेवलेले; त्यामुळे स्ट्रॅटच्या सिंगल कॉइलपेक्षा मधला पट्टा भरदार येतो आणि हमबकरपेक्षा उच्चार मोकळा राहतो. नाट्यपदातल्या ताना आणि हरकती वाजवताना प्रत्येक स्वराची सुरुवात कळायला हवी, आणि तिथे हमबकर थोडा आळसावतो. पी-९० गुणगुणतो, हा त्याचा दोष. घरातल्या बैठकीत तो खपून जातो. हमबकरच्या मापाच्या चौकटीतही हा पिकअप मिळतो, पण घेण्याआधी आपल्या गिटारच्या तारांमधले अंतर मोजून घ्यावे. तारा चुंबकांच्या टोकांवरून न जाता बाजूने गेल्या तर एखादी तार कायम दबल्यासारखी वाजते. आठ तारांचे वाद्य असेल तर सहा टोकांचा पिकअप न घेता अखंड पट्टीचा घ्यावा.

प्रश्न : एरवी शांत असणारी माझी गिटार उन्हाळ्यात कूलर लावला की घरघरते. पिकअप खराब झाला आहे का? (नंदनवन)

उत्तर : पिकअप ठीक आहे. कूलरच्या पंख्याची आणि पंपाची मोटर चुंबकीय क्षेत्र पसरवते आणि पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर त्यात भर घालतो. कूलरपासून शक्य तितके दूर बसावे आणि बसल्या जागी हळूहळू फिरून पाहावे. एका विशिष्ट दिशेला तोंड केले की घरघर बरीच कमी होते. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर गिटारचे आतले ग्राउंड ठीक आहे, असे समजावे.

याहून महत्त्वाचे म्हणजे गिटारच्या तारा केबलमधून अँपच्या ग्राउंडशी जोडलेल्या असतात. घरातल्या सॉकेटला अर्थिंग नसेल आणि एका हातात तारा असताना दुसरा हात पत्र्याच्या ओल्या कूलरला लागला, तर जिवावर बेतू शकते. अँपची तीन पिनांची वायर दोन पिनांच्या सॉकेटमध्ये कशीबशी खुपसून वाजवणारे पुष्कळ जण पाहण्यात आहेत. वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घेईपर्यंत अँप लावू नये. मंडपात जनरेटरवर वाजवणाऱ्या महालच्या वादकांनीही गिटार हातात घेऊन माइकला ओठ लावण्यापूर्वी मंडपवाल्याकडे अर्थिंगची विचारणा करावी.

प्रश्न : नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारला असा पिकअप लावता येईल का? (सदर)

उत्तर : नाही. चुंबकीय पिकअपला लोखंड असलेली तार लागते. नायलॉनच्या तारा त्याच्यासाठी नसल्यासारख्याच असतात. खर्जाच्या तारांवर धातूचे वेष्टन दिसते, पण तेही बहुधा चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याचे असते आणि चुंबक त्याला जुमानत नाही. आपल्या गिटारला ब्रिजच्या हाडाखाली बसणारा, कंपनाच्या दाबावर चालणारा पिझो पिकअप किंवा आत लावायचा छोटा माइक घ्यावा. पिझो घेतल्यास त्याचा प्रीॲम्पही सोबत घ्यावा, नाहीतर आवाज पातळ आणि करकरीत येतो.